कॉम्प्युटरवरचा लाल टॅग

जयनगरात पवित्राक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर चौगुले मंडळी भाड्याने राहतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा हात धुवायला आत जातो आणि बाहेर येऊन हमखास विचारतो, "गीझरला ते लाल लाल काय लटकवलंय?" मग घरातले सगळे उमाकांतअण्णांकडे बघतात, अण्णा घसा खाकरतात, आणि पाहुण्याचा लवकर निघायचा बेत तिथेच संपतो.

अण्णा मूळचे निपाणीचे. मिसरूड फुटायच्या वयात बेंगळुरूला आले ते पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपला चिकटले. पत्रा दाबून त्याचे सुटे भाग काढायचे, हे तिथलं काम. हेल्पर म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी ना कधी युनियनची निवडणूक लढवली, ना साहेबाच्या पुढेपुढे केलं. ध्यास घेतला तो एकाच गोष्टीचा, लाल टॅगचा.

नियम तसा साधा आहे. मशीन दुरुस्तीला घ्यायचं तर ते बंद करायचं आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग टांगायचा. ज्याचा टॅग असेल त्यानेच मशीनला हात घालायचा, आणि काम संपलं की ज्याने टांगला त्यानेच तो काढायचा. मालक जातीने आला तरी त्याने काढायचा नाही. पाळी संपली आणि काम अर्धवट राहिलं, तर पुढच्या पाळीच्या माणसाने आधी आपला टॅग चढवायचा आणि मगच जाणाऱ्याने आपला उतरवायचा. टॅग तसाच सोडून घरी गेलेल्या माणसाला अण्णा असेल तिथून परत बोलावत. एकाला तर त्यांनी तुमकूरच्या बसमधून उतरवलं होतं, सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला निघालेला असताना. "फोनवरून सांगतो, तुम्हीच काढा की अण्णा," असं कुणी म्हटलं तर ते ऐकूच न आल्यासारखं करत. त्यांनी पोटभर शिव्या खाल्ल्या, पण नियम सोडला नाही.

एवढा हट्ट कशापायी, हे त्यांचा डावा हात बघितला की कळतं. करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. अण्णा हेल्पर होते तेव्हाची गोष्ट. साच्यात अडकलेला पत्रा ते काढत होते आणि मशीनवर त्यांचा टॅग होता. पण त्या कारखान्यात कालचे, परवाचे टॅग तसेच लटकत राहायची पद्धत होती. पलीकडच्या माणसाला वाटलं की हाही शिळाच टॅग आहे. त्याने तो काढला आणि बटण दाबलं. तेव्हा अण्णांचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि नव्या नवरीने, अनुसूयाबाईंनी, हळदीच्या हातांनी नवऱ्याच्या बोटाचं ड्रेसिंग केलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेतात, देवाची तसबीर घेतात. अण्णांनी कोऱ्या टॅगचा गठ्ठा मागून घेतला आणि घर हाच कारखाना करून टाकला. गीझरची वायर सैल झाली, टांगला टॅग. मिक्सरचं भांडं हललं, टांगला टॅग. मुलगा शंतनु बोम्मसंद्राच्या एका कंपनीत इंजिनियर आहे. तो सकाळच्या घाईत गीझरचा टॅग खुशाल काढून आंघोळ उरकतो. सून श्वेता पुण्याची, घरी बसून आयटीतलं काम करते. तिने एकदा एक कोरा टॅग फ्रिजला लावून त्यावर "डाएट चालू आहे" असं लिहिलं होतं. अण्णा वरवर हसले, पण संध्याकाळी त्यांनी गठ्ठा उचलून कपाटात ठेवला.

घरात एकाच माणसाने आजवर त्यांचा टॅग काढलेला नाही. अनुसूयाबाई करवादायच्या, "तुमच्या टॅगपायी चटणी वाटायची राहिली," म्हणायच्या आणि डाळं-खोबरं घेऊन खाली पवित्राक्कांचा मिक्सर वापरायला जायच्या. पण टॅगला हात लावायच्या नाहीत. त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं आणि अण्णांना ते बोलण्याची गरजही वाटली नव्हती.

अनुसूयाबाईंचा हात भरतकामात नावाजलेला. निपाणीत त्यांच्या टाक्यांच्या चोळ्या लग्नात मिरवल्या जायच्या. पण अलीकडे डोळे दगा देऊ लागले. सुईत दोरा ओवताना हात थरथरायला लागला तेव्हा एका दुपारी त्यांनी सुया-दोऱ्यांचा डबा बंद केला आणि माळ्यावर टाकला. अण्णांना ही बाई पुरती ठाऊक होती. स्कूटर शिकताना एकदा पडली ती पुन्हा स्कूटरवर बसली नाही. भजनी मंडळात कुणीतरी सुरावरून टोकलं तर घरात गुणगुणायचीही थांबली. एकदा हिने झाकण लावलं की लावलं. म्हणून शंतनु आणि श्वेताने कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आणून दिलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद अण्णांना झाला, आणि सगळ्यांत जास्त धास्तीही त्यांनाच होती.

बाईंनी मशीनवर कापड टाकून त्याचं टेबल केलं. "ह्या वयात कुठलं ओ मला जमतंय," म्हणाल्या. पण खालच्या पवित्राक्कांच्या नातीचं नाव ठेवायचं ठरलं आणि अक्का स्वतः वर येऊन म्हणाल्या, "अनुसूयाक्का, पाळण्यात घालताना माझ्या नातीला तुमच्या हातचं दुपटं पाहिजे. इंचरा नाव ठेवतोय. दुपट्यावर नाव आणि एक राघू, बस." बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "सरी," म्हणजे बरं. मग त्यांनी मशीनवरचं कापड काढलं. अण्णा दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे वर्तमानपत्र धरून बसले होते. दुपटं जमलं तर बायकोच्या हाताला पुन्हा काम मिळेल आणि फसलं तर हाही डबा माळ्यावर जाईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

घोडं अडलं ते नेमकं बारशाच्या आदल्या दिवशी. मशीन समोर होतं, दुपटं इस्त्री करून तयार होतं, पण ज्या सॉफ्टवेअरवर अक्षरं काढायची ते कॉम्प्युटरमध्ये बसेच ना. बसवायला घेतलं की निम्म्यावर अँटीव्हायरसची लाल चौकट यायची. आतली एक फाइल त्याला संशयास्पद वाटे, ते ती उचलून बाजूला डांबून ठेवी आणि सगळं काम तिथेच थांबे. सकाळपासून बाईंनी दोनदा करून बघितलं होतं. दुसऱ्यांदा लाल चौकट आली तेव्हा त्यांनी दुपट्याची घडी घातली. ती घडी अण्णांनी बघितली.

त्यांनी मशीन विकणाऱ्या दुकानात फोन लावला. तिथला जितेंद्र म्हणाला, "काका, त्या अँटीव्हायरसला उडवून टाका. सगळे तेच करतात. मी दिलेल्या पेनड्राइव्हवरनं बिनधास्त टाका."

"उडवून टाका म्हणजे?"

"कायमचं काढून टाका हो. घरच्या कॉम्प्युटरला कोण खाणार आहे?"

अण्णांनी फोन ठेवला आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. "गार्ड काढून प्रेस चालवा म्हणून सांगालाय ह्यो बाबा," ते म्हणाले. "माझ्या घरात हे व्हायचं न्हाई."

"मग दुपटं व्हायचं न्हाई," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाल्या, आणि तेच अण्णांना जास्त लागलं.

तेवढ्यात श्वेता मीटिंगमधून बाहेर आली. तिने दोघांची तोंडं बघितली, काय झालं ते ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली. "बाबा, तुमचं बरोबर आहे. आणि त्या जितेंद्रचं पाव भाग बरोबर आहे," ती म्हणाली. "अँटीव्हायरस काढायचं नाही. पण थोड्या वेळापुरतं थांबवता येतं. फक्त त्याची एक पद्धत आहे."

पद्धत म्हटल्यावर अण्णांनी चष्मा पुसला आणि तेही खुर्ची ओढून बसले.

"पहिलं म्हणजे, ह्या पेनड्राइव्हवरचं घ्यायचं नाही. तो किती कॉम्प्युटरला लागून आलाय कुणाला माहीत. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचं." तिने तिथून सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि ते खरंच त्याच कंपनीचं आहे का, हे तपासून बघितलं. "आता नेट बंद. दरवाजा उघडा ठेवायचा तर निदान गल्लीत कुणी नको." तिने कॉम्प्युटरची नेटची वायर काढली. "आता अँटीव्हायरस थांबवायचं. एवढं एकच सॉफ्टवेअर बसवायचं. मध्ये दुसरं काही उघडायचं नाही. झालं की अँटीव्हायरस परत सुरू, त्याला सांगायचं की ही फाइल आपल्या ओळखीची आहे, सगळं एकदा तपासून घ्यायचं आणि मग नेट."

अण्णा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. आधी खात्री, मग बंद, ठरलेलं तेवढंच काम, मग पुन्हा सुरू. अगदी पीण्यातल्यासारखंच की हे. इतके दिवस ही पोर बंद दाराआड काय करते ते त्यांना कळत नव्हतं, आणि ती तर त्यांच्याच खात्यातली निघाली.

"थांब," ते म्हणाले. उठून कपाटाशी गेले, गठ्ठ्यातला एक टॅग काढला, त्यावर आपलं नाव लिहिलं, खाली "काम चालू आहे, हात लावू नये" असं लिहिलं आणि पडद्याच्या कोपऱ्याला दोऱ्याने टांगला. "आता कर बंद."

श्वेताने हसू दाबलं. ते बघून अण्णांना त्या पोरीबद्दल माया वाटली. तिने अँटीव्हायरसचं चित्र उघडलं, थांबवण्याच्या पर्यायांतला एक निवडला, पडद्यावरची हिरवी ढाल करडी झाली. सॉफ्टवेअर बसायला लागलं. निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि लाल चौकट काही आली नाही. बाईंनी दुपट्याची घडी उलगडली.

आणि अण्णांचा फोन वाजला. पीण्याहून मल्लाप्पाचा होता. मल्लाप्पा म्हणजे अण्णांच्या हाताखाली तयार झालेला फिटर. त्या दिवशी तो निवृत्त होत होता आणि निरोपाच्या कार्यक्रमाला अण्णांनी यायचं कबूल केलं होतं. सकाळच्या गोंधळात ते पार विसरून गेले होते. "अण्णा, निघालात ना? तुम्ही आल्याशिवाय हार घालून घेणार नाही मी," मल्लाप्पा म्हणाला.

एकच धावपळ उडाली. इस्त्रीचा शर्ट, मेट्रोचं कार्ड, चपला. "श्वेता, तुझं चालू दे. मी संध्याकाळच्या आत येतो," अण्णा जिन्यावरून ओरडले. "आणि टॅग मीच येऊन काढतो. तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

मेट्रोत बसायला जागा मिळाली. जयनगर मागे पडलं, मॅजेस्टिकला गर्दी चढली-उतरली, यशवंतपूर आलं, आणि अण्णा खिडकीबाहेर बघत स्वतःवर खूश होते. कॉम्प्युटरसारख्या नव्या जमान्याच्या वस्तूला आपली जुनी शिस्त लागू पडली, ही काय लहान गोष्ट होती?

कारखान्याच्या कॅंटीनमध्ये टेबलं जोडून स्टेज केलं होतं. मल्लाप्पाला म्हैसुरी पेटा घातला, शाल दिली. अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात केसरीभाताची प्लेट दिली. मग मल्लाप्पा बोलायला उभा राहिला. आयुष्यभर पाने-पकडी धरलेल्या माणसाला माइक कसा धरायचा ते कळेना. पण तो बोलला. कन्नडमध्ये, थांबत थांबत बोलला.

"मला काम ह्यांनी शिकवलं," तो अण्णांकडे बघत म्हणाला. "लोक ह्यांना हसायचे. मीही हसायचो. पण माझी दहाच्या दहा बोटं आज जागेवर आहेत." त्याने दोन्ही पंजे उघडून दाखवले आणि टाळ्या पडल्या. "अण्णा आम्हाला सांगायचे, टॅग म्हणजे माणसाचा शब्द. आणि एवढ्या वर्षांत मी एकदासुद्धा बघितलं नाही, की अण्णांचा टॅग मशीनवर आहे आणि अण्णा मात्र निघून गेलेत."

अण्णांना ठसका लागला.

शेजारच्याने पाठीवर थोपटलं, कुणी पाणी दिलं. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवर आला. गहिवर कसला, अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. आपल्या नावाचा टॅग जयनगरात पडद्यावर लटकतोय आणि आपण इथे केसरीभात खातोय. तुमकूरच्या बसमधून ज्याला उतरवलं होतं तो माणूसही तिसऱ्या रांगेत बसला होता. अण्णांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आणि टॅगपेक्षाही वाईट गोष्ट त्यांना मागून सुचली. अनुसूया त्याला हात लावणार नाही. शंतनुने काढला असता, श्वेताने काढला असता, पण ही बाई काढणार नाही. सॉफ्टवेअर केव्हाच बसलं असेल, मशीन शेजारी उभं असेल, सकाळी खाली पाळणा हलणार, आणि ही मांडीवर दुपटं घेऊन त्या टॅगकडे बघत बसली असेल. मग केव्हातरी ती दुपट्याची घडी घालेल.

अण्णा उठले. मल्लाप्पाला मिठी मारली, "टॅग राहिलाय," एवढंच त्याच्या कानात म्हणाले. मल्लाप्पाने त्यांना दाराकडे वळवलं. मग म्हणाला, "पळा." दुसरं काही विचारलं नाही, कारण त्या कारखान्यात त्या वाक्याला दुसरं उत्तरच नव्हतं.

परतीच्या मेट्रोत अण्णा उभेच होते. फोन हातात होता आणि मनात झगडा चालला होता. फोन करायचा आणि म्हणायचं, "अगं, काढ तो टॅग." जन्मभर दुसऱ्या कुणाला जी सूट दिली नाही ती स्वतःला द्यायची. करंगळीशेजारचं अर्धं बोट फोनच्या पाठीवर टेकलं होतं. कॉम्प्युटरने बोट तुटत नाही, हे त्यांना कळत होतं. पण ढाल खाली आहे, आपण नसताना कुणी काही केलं आणि काही बिघडलं तर? आणि नाही केलं, तर त्या दुपट्याचं काय? यशवंतपूर येईपर्यंत त्यांचा निश्चय झाला. नियम गेला खड्ड्यात. बायकोचा हात चालला पाहिजे. त्यांनी फोन लावला.

बाईंनी उचलला नाही. परत लावला, परत नुसती रिंग. श्वेताला लावला, तिचाही उचलला गेला नाही. मीटिंग असणार. अण्णांच्या डोळ्यांपुढे ती घडी आली आणि पुढची सगळी स्टेशनं त्यांना फार लांब लांब वाटली.

जयनगरला उतरून ते रिक्षात बसले. "स्वल्प बेगा," म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला घाई केली. खाली पवित्राक्कांच्या दारात आंब्याचे टहाळे बांधायचं चाललं होतं. "अण्णा, दुपटं झालं का?" अक्कांनी विचारलं. अण्णांनी मान धड हलवलीही नाही, ते जिना चढत राहिले.

अर्ध्या जिन्यावर त्यांना आवाज ऐकू आला. खटखट, खटखट, मध्ये थांबून पुन्हा खटखट. ते दारातच थबकले.

मशीन चालू होतं. चौकटीत ताणलेल्या पांढऱ्या दुपट्यावर हिरवा राघू बसला होता, लाल चोचीसकट, आणि त्याच्याखाली कन्नड अक्षरांत इंचरा हे नाव उमटत होतं. शेवटचं अक्षर निम्मं झालं होतं. अनुसूयाबाई मशीनवर वाकल्या होत्या, एक बोट कापडाच्या कडेवर होतं. त्यांचा फोन शेजारी दोऱ्यांच्या ढिगाखाली गेला होता. श्वेता दाराशी चहाचा कप घेऊन उभी होती.

अण्णांची नजर पडद्याकडे गेली. त्यांचा टॅग जागच्या जागी होता. आणि त्याच्या शेजारी दुसरा होता. निळ्या पेनने, वळणदार अक्षरांत त्यावर लिहिलं होतं, "अनुसूया चौगुले. काम चालू आहे."

"मी म्हटलं आईंना, काढून टाका बाबांचा," श्वेता हळूच म्हणाली. "नाही म्हणाल्या. तुमच्या कपाटातून कोरा टॅग घेतला, नाव लिहिलं, टांगला आणि बसल्या."

"पण ढाल बंद होती की," अण्णा म्हणाले.

"कुठली? तुम्ही मेट्रोत चढेपर्यंत सुरूसुद्धा झाली. मी पंधरा मिनिटांसाठीच थांबवली होती. नंतर ती आपोआप सुरू होते. मग मी त्या फाइलची ओळख करून दिली, सगळं तपासलं आणि नेट लावलं. काम संपलंय बाबा केव्हाच."

"आपोआप? कुणी न सांगता?"

"माणूस विसरतो, हे धरूनच केलेलं असतं ते."

अण्णांना आधी जरा राग आला. आपला टॅग वर असताना यंत्राने परस्पर कारभार केला होता. मग त्यांनी डाव्या हाताकडे बघितलं. "आमच्या प्रेसला हे असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. एवढ्या धावपळीनंतर पाय थकले होते.

मशीन थांबलं. बाईंनी दोरा कापला, चौकट सैल केली आणि पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. "एवढ्या घाईनं का आलासा?"

"टॅग राहिला होता," अण्णा म्हणाले. मग त्यांनी खरं ते सांगितलं. "तुझं काम अडलं असेल वाटलं. फोन करालो होतो तुला. म्हणणार होतो, काढून टाक."

"आणि मी काढला असता, असं वाटलं तुम्हाला?"

अण्णांनी त्या निळ्या अक्षरांकडे परत एकदा बघितलं.

"रोज जेवताना तुम्हीच सांगत आलाय की," बाई दुपट्यावरचे सुटे दोरे वेचत म्हणाल्या. "जाणाऱ्याचा उतरायच्या आधी येणाऱ्याचा चढवायचा. तुम्ही गेलासा, मी आले. मग चढवला माझा. ह्यात काय अवघड हाय?"

अवघड काहीच नव्हतं. सगळं आयुष्य अण्णांनी पाळी बदलताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती काम सोपवायला शिकवलं होतं. आज ते जिन्यावरून ओरडत गेले तेव्हा तो माणूस शेजारीच उभा होता, दुपटं घेऊन. घरात टॅगचा एवढा गठ्ठा होता आणि त्यातल्या एकावरही त्यांनी कधी तिचं नाव लिहिलं नव्हतं. ते लिहावं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. अण्णांना त्याची लाज वाटली आणि त्याच वेळी छाती भरून आली.

ते उठले, आपला टॅग सोडून खिशात घातला. मग सवयीने त्यांचा हात दुसऱ्या टॅगकडे गेला.

"तो माझा हाय," अनुसूयाबाई म्हणाल्या.

अण्णांनी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली इंचरा पाळण्यात गेली. दुपटं हातोहात फिरलं, आणि पवित्राक्कांच्या व्याह्यांकडच्या दोन बायका राघूवरून बोट फिरवून बाईंना आणखी काय काय काढता येतं ते विचारू लागल्या. बाई सांगत बसल्या. अण्णा पेढा खाऊन वर आले. मल्लाप्पाने निरोपाचे फोटो पाठवले होते आणि ते मोठ्या पडद्यावर बघायची त्यांना घाई झाली होती.

पडद्याच्या कोपऱ्याला निळ्या अक्षरांचा टॅग तसाच होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. अण्णांनी खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि ती खालून वर यायची वाट बघत बसून राहिले.